पप्पांची लावलेली दाढ

आमच्या पप्पांच्या दाढेची गोष्ट तुम्हाला सांगितलीच नाही ना अजून? नंदाखाल गावात आमची केळीची वाडी आहे. तर पप्पांची खालची दाढ पार किडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ही काढू आणि मागची तुमचीच अक्कलदाढ उपटून त्या जागी लावू."

पप्पांनी लगेच विचारलं, "उपटल्या उपटल्या लावणार ना? मुळं सुकली की मेलं."

बाई बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"जन्म गेला केळीच्या बुंध्याचे कोंब, मुनवे हो, उपटून दुसरीकडे लावण्यात!"

दाढ लावली, तारेने बांधली. घरी आल्यावर मी नुसतं विचारलं, "हलतेय का हो?" तर माझ्यावरच डाफरले, "हात लावू नकोस! नव्या रोपाला हलवायचं नसतं. पहिला महिना त्याच्याकडून कसलंच काम घ्यायचं नाही."

आई त्यांना पेज वाढत होती. पळी तशीच हातात धरून म्हणाली, "हो का? मला लग्न करून आणलंत, तेव्हा दुसऱ्याच दिवशी विहिरीवर पाठवलंत पाणी शेंदायला."

पप्पांनी अख्खी पेज संपवली. मग सुजलेल्या गालावर हात ठेवून हळूच म्हणाले, "चुकलंच माझं. तरी तू जीव धरलास."