‘उलटे मोजे’ लोकप्रिय होते!

...आणि वर मलाच विचारते, “बाबा, हा बँड तू स्वप्नात ऐकलास का?” स्वप्नात! तुम्हाला सांगतो, सोळा वर्षांची पोर, माझी स्वतःची, जिला मी ‘मला उठवू नका’ हे गाणं म्हणून म्हणून झोपवलं (अंगाई म्हणून याहून योग्य गाणं मला दुसरं दाखवा!), ती मोबाइल नाचवत सांगते की ‘उलटे मोजे’ नावाचा बँड कुठेच सापडत नाही, म्हणजे तो नव्हताच. अहो, माझे आजोबाही मोबाइलवर सापडत नाहीत, मग ते नव्हते का? मग मी काय आभाळातून टपकलो?

लोकप्रिय होते हो ते! पॉप-पंक वाजवायचे. चार पोरं, गिटारवर तीन कॉर्ड, चौथी येत नव्हती आणि तिच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. दोन मिनिटांत गाणं खलास, श्वास घेतोय तोवर पुढचं सुरू! सुट्टीच्या दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम असायचा आणि गर्दी? मुंगीला शिरायला वाव नाही. लोक खुर्च्या डोक्यावर घेऊन स्टेजकडे धावायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. पण घरात सांगायची सोय नाही. बायको म्हणते, “असतील,” आणि ‘असतील’ कसं म्हणते, ते तुमच्याही घरी म्हणत असतील.

तर आता मी काय करतो? कान तपासतो. दवाखान्यात एक बंदिस्त खोली आहे, काचेची खिडकी असलेली. पेशंट आत बसतो हेडफोन लावून, मी बाहेर मशीनवर. मी बारीक शिट्टी सोडायची, ऐकू आली की त्याने बटण दाबायचं, की माझ्या टेबलावर दिवा लागतो. पेशंटशी गप्पा नाहीत, भावना नाहीत, अठरा वर्षं हेच.

परवा दुपारी एक गृहस्थ आले. टक्कल, हातात किल्ल्यांचा जुडगा, किल्ल्या बनवायचं दुकान आहे त्यांचं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, मोठ्या आवाजात कधी काम केलंय का? तर म्हणाले, तरुणपणी ड्रम वाजवायचो, एका बँडमध्ये, तुम्हाला नाव माहीत नसणार. मी म्हटलं, सांगा तर. ते म्हणाले, “उलटे मोजे.”

तुम्हाला सांगतो, मी उभाच राहिलो! मग बसलो. मग परत उभा राहिलो. साक्षीदार, हो! आणि योग बघा, घराची किल्ली विसरलेली आमची पोर तेवढ्यात दारात हजर. मी तिला कोपऱ्यात बसवलं, म्हटलं, आता हलायचं नाही, आज निकाल लागणार आहे.

पण आधी तपासणी. गृहस्थ आत बसले. मी शिट्ट्या सोडतोय, सोडतोय... दिवा ढिम्म. बारीक आवाज सगळे गेलेले बिचाऱ्याचे. आणि मग मी ते केलं जे अठरा वर्षांत केलं नव्हतं. खणात जुना टेप होता, त्यात त्यांचीच विसरलेली कॅसेट, तो मशीनला जोडला आणि शिट्टीच्या जागी त्यांच्या कानात ‘मला उठवू नका’ सोडलं. दिवा लागला! विझला, लागला, विझला, लागला, बरोब्बर ड्रमच्या ठेक्यावर! गृहस्थ डोळे मिटून बटण बडवतायत आणि इकडे मी टेबलावर ठेका धरलेला. गाणं संपलं. खोलीतून आवाज आला, “ड्रमवाला फार घाई करतोय.”

मी मशीनच्या माइकवर म्हटलं, “अहो, ते तुम्हीच आहात.”

ते हेडफोन न काढताच म्हणाले, “आम्ही एवढं बरं वाजवायचो?”

मी पोरीकडे बघितलं. ऐकलंस? मग त्यांना बाहेर आणून सरळ मुद्द्याला हात घातला, काका, हिला सांगा, गर्दी किती व्हायची. तर हा सज्जन माणूस, खोटं बोलायला काय जात होतं त्याचं? म्हणतो, “गर्दी व्हायची, पण आमच्यानंतर त्याच हॉलमध्ये शिलाई मशीनची सोडत असायची. लोक पुढच्या जागा धरायला खुर्च्या घेऊन पळायचे.”

पोर हसली. रिसेप्शनवरच्या बाई हसल्या. तो किल्लीवालाही हसला! मी नाही हसलो. मी म्हटलं, असेल सोडत! पण खुर्ची धरून बसल्यावर त्यांचे पाय हलत होते की नाही? हलत होते! मी बघत होतो. आणि मी कुठे शिलाई मशीनसाठी आलो होतो? मला सुईत दोरा ओवता येत नाही. लोकप्रिय होते हो ते! किल्लीवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “खरंच, तुम्ही आमच्यासाठी यायचात?” म्हटलं, दर वेळी. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना, मला पुढचा पेशंट घ्यायचा होता.

पोरीने ती कॅसेट टेपसकट मागून नेली. घरी मोबाइलवर उतरवली, मैत्रिणींना पाठवली, मैत्रिणींनी आणखी कुणाकुणाला. आता तिच्या कॉलेजात सगळे ‘मला उठवू नका’ म्हणत फिरतायत, दोघांनी म्हणे मुद्दाम मोजे उलटे घातलेत. मी म्हटलं, झालं की नाही सिद्ध? होते की नाही लोकप्रिय? काल तिला सोडायला कॉलेजच्या दारापर्यंत गेलो, तिथे चारपाच पोरं तेच गाणं म्हणत उभी होती, मी आपला उत्साहाने दुसरं कडवं सुरू केलं...

तर पोरीने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “बाबा, प्लीज. तुला हा बँड आवडतो हे इथे कुणाला सांगू नकोस.”