सूज उतरली

नाही हो ताई, ते चूर्ण नाही देत मी — आधी सांगा, कोणासाठी हवंय? भावासाठी. आणि डॉक्टरच्या गोळ्या? चालू आहेत — त्या थांबवून हे द्यायचंय, असंच ना? सांगितलं कुणी? माझ्या सासऱ्यांनीच, दुसरं कोण! ‘माझा मुलगा याच चूर्णानं उठला’ — म्हणाले ना? सगळ्यांना म्हणतात. तीन वर्षं ऐकतेय मी, इथेच बसून, मान डोलावत.

तो मुलगा म्हणजे माझा नवरा. बडबडा माणूस हो, पुड्या बांधता बांधता गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचा. मग हळूहळू बोलणंच आटलं — दाढी वाढलेली, ताट पुढ्यात तसंच. त्यात गुडघे सुजले, जिना उतरवेना. डॉक्टरीणबाईंनी मनासाठी गोळ्या दिल्या, म्हणाल्या, वेळ लागेल, सोडू नका. पण सासऱ्यांना ती चिठ्ठीच खुपली — ‘आपलं जडीबुटीचं दुकान, आणि पोरगा बाहेरच्या गोळ्या खाणार? अंगातली सूजच डोक्यात चढलीय त्याच्या. सूज उतरव, मन आपोआप उठेल.’ झालं! हळद, अश्वगंधा, अजून काय काय — मीच कुटलं, मीच चाळलं, मीच दुधातून दिलं. आणि गोळ्या? त्या ठेवून दिल्या. फेकल्या नाहीत हं — पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. ह्यांना सांगायची, दुधातच विरघळवल्यात. सासऱ्यांचा धाक होता म्हणून — नाही, खोटं कशाला बोलू, मलाही पटलं होतं.

आणि सूज उतरली, ताई! सव्वा महिन्यात गुडघे एकदम मोकळे. हे आपल्या पायांनी जिना उतरले, तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. ह्यांनी चपला घातल्या. मी विचारलं, ‘कुठे निघालात?’ — ‘जरा चालून येतो.’ काय बरं वाटलं होतं मला, काय सांगू! पुलावर सापडले. कठड्याच्या पलीकडे पाय सोडून बसलेले. एका ट्रकवाल्यानं कमरेला मिठी मारून मागे ओढलं, म्हणून...

नाही नाही, आहेत ना! बरे आहेत. इस्पितळात ठेवलं, पुन्हा त्याच गोळ्या, चार-पाच महिने गेले — आणि उठले. आता दुसऱ्या गावी रोपवाटिकेत काम करतात. भेटायला गेले की नवे फुटवे दाखवतात, हसतात. म्हणतात, ‘तूही ये इकडेच.’

जात का नाही? सासऱ्यांना कोण बघणार, दुकान कोण — नाही, तेही नाही. ह्यांना अजून वाटतं, तेव्हा गोळ्या लागूच पडल्या नाहीत. ‘तू बिचारी रोज दुधातून द्यायचीस’ म्हणतात, माझा हात हातात घेऊन. रोज ह्यांच्या समोर बसून जेवायचं, आणि हे पोटात ठेवायचं? आणि सांगायचं, तर कुठल्या तोंडानं? त्यापेक्षा इथे बरी. इथे निदान नुसती मानच डोलवावी लागते.

थांबा — सासरे उतरतायत. डोळे पुसा हो, तुम्ही कशाला रडताय!

हो बाबा, त्याच ताई, काल तुमच्याशी बोलल्या होत्या त्या. हो, बांधतेय ना — तेच, ह्यांना दिलं होतं तेच. हो, त्यानंच उठले, सांगितलं मी त्यांना.

घ्या ही पुडी. हळू बोला — नुसती बडीशेप आहे. गोळ्या थांबवू नका. जा आता.