बाईंच्या नावावरचं बदक

आता त्या दिवशी थोडं ऊन पडलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, तुम्हीच सांगा. आदल्या दिवशी इतकं कडक की गच्चीवर पाय ठेववेना, दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलेलं. वारा नाही, पाऊस नाही, नुसतं काळोख धरून बसलेलं... शाळेतल्या त्या वर्गाच्या खिडक्यांना पडदेच नाहीत हो, ऊन असतं तर भिंतीवर पाडलेलं चित्र फिकट झालं असतं, कुणाला काही दिसलंच नसतं. पण नाही. त्या अंधारात बदक कसं लख्ख उमटलं, पिवळंधमक, पार शेवटच्या बाकापर्यंत. आणि शेवटच्या बाकावर कोण? मी. माणसानं बघावं तरी कुठे?

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार. हळूहळू सांगतो. मला घाईनं काही जमत नाही, जन्मभर गाद्या शिवल्या, त्या कामात घाई केली की कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

तर तुम्हाला सांगतो, माझी सून शिक्षकांना शिकवते. म्हणजे शिक्षक मुलांना शिकवतात आणि ही शिक्षकांना. हिला कोण शिकवतं ते विचारायचं राहूनच गेलं. काम काय, तर अर्धा धडा बाईंनी फळ्यावर घ्यायचा आणि अर्धा मुलांनी टॅबवर करायचा, तोही ज्याच्या त्याच्या चालीनं. ज्याला येतं त्याला पुढचं, ज्याला येत नाही त्याला सोपं, तेही नाही आलं तर आणखी सोपं, आणि तेवढ्या वेळात बाई अडलेल्या पोराजवळ जाऊन बसणार. मला पटेना. तर सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही काय सगळ्यांना एकाच मापाची गादी द्यायचात?"

मी म्हटलं, "हो. एकच माप. ज्याचे पाय बाहेर यायचे तो पाय दुमडून झोपायचा."

ती म्हणाली, "सगळ्या वर्गांत हेच चाललंय, बाबा." मला वाटलं कौतुक केलं. नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

आता आमच्या शेजारच्या बाई. इथल्याच शाळेत सातवीला भाषा शिकवतात, निवृत्तीला फार दिवस उरले नाहीत. नवऱ्याच्या मागे एकट्याच राहतात, घरात बोलायला कुणी नाही, म्हणून वर्ग हाच त्यांचा सगळा गोतावळा. सूनबाईनं त्यांच्या शाळेतल्या सगळ्यांना टॅब दिले आणि सांगितलं, आधी तुम्ही मूल होऊन बसा, मुलांचे धडे रोज थोडे थोडे करा, म्हणजे मुलांना काय होतं ते कळेल. आणि मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, त्यांनी वर शेपूट जोडलं, "जे करणार नाहीत त्यांचा वर्ग काढून घेईन, ग्रंथालयात बसा म्हणावं, कपाटं पुसत."

बाई घाबरल्या. संध्याकाळी ओढणीखाली काहीतरी लपवून आमच्या दारात. "काका, हे तुमच्याकडे राहू दे. घरात असलं की मला कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटतं. दिवसभर तुम्ही घरीच असता ना, तासभर नुसतं चालू करून ठेवायचं, सूनबाईंना दिसेल की मी अभ्यास केला. हात मात्र लावू नका हं."

हात मात्र लावू नका. एवढंच तर सांगितलं होतं त्या माउलीनं.

मी दोन दिवस नाही लावला. पण आतून एक बाई बोलते हो, गोड आवाजात, "चला, उत्तर देऊ या." मी तिकडे, ती इकडे, घरात दुसरं कुणी नाही. ती परत म्हणते, "वेळ घ्या, घाई नाही." आता मला सांगा, एवढ्या मायेनं कुणी विचारतंय आणि आपण भिंतीकडे बघत बसायचं? लावलं बोट. चुकलं. ती म्हणाली, "हरकत नाही, सोपं घेऊ या." परत लावलं. "हरकत नाही." मी शाळेचं तोंड नाही बघितलं, माझा बाप म्हणायचा टाके मोजता आले की बास, त्यामुळे मला वाटलं हे हरकत नाही म्हणतात म्हणजे बरंच चाललंय. मला काय ठाऊक, ती मला एकेक पायरी खाली उतरवतेय. सातवीतनं पाचवीत, पाचवीतनं तिसरीत, पहिलीत, तिथूनही हाकललं... आणि खाली कुठे, तर बालवाडीत. तिथे बदक होतं. बदकावर बोट ठेवलं, तर तुम्हाला सांगतो, आतून टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. या वयात.

मग काय, जेवण झालं की मी आणि बदक. संध्याकाळी सून यायच्या आत टॅब गादीखाली.

तर तो दिवस. बाईंचा फोन, "काका, सगळ्यांनी टॅब आणायचेत आणि मी विसरले, आणून देता?" गेलो सदऱ्यात लपवून. त्या वर्गात सगळे शिक्षक जमलेले. बाईंच्या हातात दिला आणि निघणार, तेवढ्यात सून, "बाबा, तुम्ही?" मी म्हटलं, "सहज." मोठे सर म्हणाले, "बसा, बसा, चहा येतोय." बसवलं शेवटच्या बाकावर. ते पोरांचं बाक, गुडघे माझे हनुवटीला लागलेले.

आणि सूनबाई बोलायला उभी राहिली. चेहरा असा फुललेला. "इथे एक शिक्षिका आहेत, रोज नेमानं बसतात. सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी दिलाय. मला वाटलं होतं त्यांनाच हे आवडणार नाही." आणि बाईंचं नाव घेतलं. टाळ्या. बाई आपल्या खाली मान घालून. मग ती म्हणाली, "त्या कुठपर्यंत पोचल्यात ते मीही अजून बघितलेलं नाही, सगळे मिळूनच बघू," आणि बटण दाबलं.

बदक.

खाली काहीतरी लिहिलेलं. सून वाचायला लागली, भरात होती, थांबता आलं नाही तिला, "चित्र ओळखणं जमतंय... म आणि भ यांत अजून गोंधळ... न घाबरता सराव करावा..." आवाज बारीक बारीक होत गेला. ते खेळाचे सर, गळ्यात शिट्टीवाले, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मोठ्या सरांनी चष्मा पुसला, परत लावला. "बाई, आपण सातवीला भाषा शिकवता ना?"

बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. माणसानं बघावं तरी कुठे? छताकडे बघितलं तर पंखा, पंख्यालाही माझी लाज वाटत असेल असा कुरकुरत फिरतोय.

मी मनात म्हटलं, ऊठ. बाईंचा वर्ग हातचा चाललाय, ऊठ आणि सांग की मी आहे तो. पण तेवढ्या शिकलेल्या माणसांत उभं राहून मला वाचता येत नाही असं म्हणायचं... सुनेच्या देखत... अहो, लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर पेपर ठेवते आणि मी रोज तो चाळतो. तरी उठलो. तर बाकही माझ्याबरोबर उठलं, गुडघे अडकलेले. सगळ्यांनी मागे बघितलं. मी तोंड उघडलं, आणि बाई म्हणाल्या, "काका, बसा. चहा येतोय."

बसलो.

मग त्या सरांकडे वळल्या आणि फळ्यापुढे बोलतात तशा खणखणीत बोलल्या. "मुद्दाम चुकत होते, सर. वर्गात मागे एखादं असतं, ज्याला काही म्हणजे काही येत नाही. त्याला हे यंत्र हसतं का, रागावतं का, कंटाळतं का, ते मला बघायचं होतं. म्हणून मी तसं मूल झाले. नाही हसत. मी हसले असते कदाचित, ते नाही हसत."

काही म्हणजे काही येत नाही, हे म्हणताना त्या पुन्हा माझ्याकडेच बघत होत्या. आता तुम्हीच सांगा, बघावं तरी कुठे?

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. "हेच, हेच मी सगळ्यांना सांगतेय," म्हणाली, आणि शिट्टीवाल्या सरांनी रुमाल खिशात घातला. मोठे सर म्हणाले, "वर्ग बाईंकडेच राहील. पण हे मागचं मूल आता पुढे कसं येतं तेही आम्हाला दाखवा. वर्ष संपायच्या आत, इथेच, भिंतीवर." सून म्हणाली, "नक्की दिसेल सर, आणि खोटं चालणार नाही. एकदम सगळं बरोबर यायला लागलं तर ते लगेच ओळखतं की दुसरंच कुणी बसलंय." किती अभिमानानं म्हणाली, काय सांगू.

परत येताना बाई आणि मी. सून मागे थांबली होती, तिला सगळ्यांनी घेरलं होतं. रस्ताभर बाई पुढे, मी मागे. मी दोनदा खाकरलो. शेवटी त्यांनी दाराचं कुलूप काढलं तेव्हा मी त्यांच्या चपलांशी बोललो, दुसरीकडे बघवेना, "बाई, तुमच्या अब्रूचं माझ्या बोटानं वाटोळं केलं. मी सांगतो सुनेला."

"सांगू नका. आणि त्या मागच्या मुलाच्या जागी मी स्वतः बसून थोडं थोडं चुकेन म्हणाल, तर तेही व्हायचं नाही. चुकीच्या उत्तरावर बोट ठेवायला माझा हात उठत नाही, इतकी वर्षं तांबडी शाई वापरलीये मी." त्यांनी टॅब माझ्या हातात दिला. "उद्यापासून संध्याकाळी इकडे यायचं. थोडं ते शिकवेल, थोडं मी. तुम्ही पहिली पास झालात, काका, तरच मी सातवीत राहते."