ऐकू येतंय तोवर

ती : आकर्षण नको. आकर्षण लोहचुंबकाला असतं. सोळा वर्षांची पोर असं बोलेल का?

तो : मग काय घालू? मूळ इंग्रजी वाक्य एवढंच आहे, की सायकल दुरुस्त करणाऱ्या त्या मुलावर तिला क्रश आहे. अनुवाद कधी देताय म्हणून प्रकाशकांचा परत फोन आला होता.

ती : मग क्रशच ठेवा. नातीला विचारलं मी. म्हणाली, आजी, यात लग्नबिग्न काही नसतं. तो समोर आला की जीव खालीवर होतो, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. कळलं की मजा गेली.

तो : म्हणजे जीव जडणं?

ती : छे. जडलेला जीव सुटत नाही. हा महिन्याभरात सुटतो म्हणे.

तो : भुरळ?

ती : भुरळ दुसऱ्यानं घालावी लागते. त्यानं काय केलंय? पंक्चर काढलं. ‘मनात भरला’ म्हणा.

तो : मनात भरला... बसतंय. पण खात्री वाटत नाही. तीनदा खोडलंय.

ती : तुमची खात्री कशावर होती आजवर? या बाजूला या, माझ्या त्या कानात आता काही उरलेलं नाही. काल डॉक्टर काय म्हणाले?

तो : म्हणाले, बघू.

ती : ते तुम्हाला. तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा मला म्हणाले, हाही कान जाणार. थंडी संपेपर्यंत टिकला तर नशीब. मग मशीनचाही उपयोग नाही.

तो : आणि तू आत्ता सांगतेस?

ती : तुमचं प्रकरण अडलं होतं ना. जन्मभर पुस्तकांतल्या बायकांसाठी शब्द मागितलेत माझ्याकडे. भाजी चिरता चिरता दिले मी. त्यातला एखादा कधी मला म्हणावासा नाही वाटला?

तो : अगं, ते काय बोलून दाखवायचं असतं?

ती : त्या पोरीलाही तसंच वाटतं. पण ती सोळाची आहे.

तो : लिहून देऊ?

ती : लिहिलेलं नंतर वाचतच बसायचंय. आत्ता ऐकायचं होतं.

तो : असं एकदम कसं... चहा टाकतो.

ती : टाका. मी हे कानातलं मशीन काढते, सकाळपासून टोचतंय. आता काही सांगायचं तर ओरडून सांगा. शेजाऱ्यांना कळलं तरी चालेल.

(ती खिडकीकडे तोंड करून मशीन डबीत ठेवते.)

तो : वाचनालयात तू शिडीवर चढली होतीस. वरच्या फळीवरचं पुस्तक काढून द्यायला. तेव्हा मनात भरलीस. सुटलं नाही गं ते. अजून नाही.

ती : काचेत ओठ हलताना दिसले तुमचे. काही म्हणालात?

तो : साखर किती, म्हटलं.

ती : काय? थांबा, मशीन घालते परत.

तो : नको. राहू दे. टोचेल तुला.