ॲशहोल्टला जायचा रस्ता

— नाही रे, जड नाहीये, हातात घेऊन तर बघ. शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा आहे, आत बिस्किटं नाहीत एवढंच. मी कधी कुणाच्या गळ्यात असं ओझं मारत नाही, सुचित्राला विचार हवं तर — तुमच्या लग्नाआधी दोन वर्षं एका घरात राहिलो आम्ही. इथून पुण्याला जाणाऱ्यांच्या बॅगेत लोक काय काय कोंबतात, गोळ्या काय, चॉकलेटं काय, मी एक पाकीट दिलं नाही कुणाला. पण ती म्हणाली, आमच्या सलिलला ऑफिस लंडनला पाठवतंय, उद्याचं फ्लाइट, दोन आठवडे — आणि मी शिफ्ट संपल्या संपल्या तशीच आले बघ, युनिफॉर्मवर. चहा नको... बरं, टाक अर्धा कप. साखर नको.

लंडनपासून ट्रेनने दोन तास, मग बस, मग चालत. रविवार जाईल तुझा एक, मला माहितीये. ॲशहोल्ट गावाचं नाव. नकाशा आत ठेवलाय, मी काढलेला — हसू नकोस, बरोबर आहे तो. हे बघ, हे फाटक, पांढरं. बाहेर पडलास की डावीकडे हेझलच्या झुडपांचं कुंपण, त्याच्या कडेने चालायचं. पुढे मिसेस पार्फिटची बदकं, ती चावतात, तेव्हा पलीकडच्या बाजूने. मग चर्च. चर्चच्या मागे कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या, दुसरी पायरी हलते, तिच्यावर जोर नाही द्यायचा — आणि मग रान. ओकची झाडं नुसती. आणि एप्रिल संपता संपता त्यांच्याखाली सगळं निळं, ब्लूबेलची फुलं, पाऊल कुठे ठेवावं कळत नाही. नेमका तेव्हाच चाललायस तू. एवढं शांत गाव की दुपारी लोहाराचा घण रानापर्यंत ऐकू येतो. — मी? मी कुठली जाते इंग्लंडला! मी इथून तासाभरावरच्या जिलॉंगपर्यंत गेलेली नाही अजून. बदकंही नसतील म्हणा आता. मिसेस पार्फिटलाच जाऊन साठ वर्षं झाली असतील.

विनी सांगायची. विनिफ्रेड. आमच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, रूम नंबर नऊ. मी दोन हजार सातला इथे ऑस्ट्रेलियात आले ना, अकाउंटिंग शिकायला — त्या वर्षी विमानात निम्मे आपलेच, सगळ्यांच्या हातात त्याच त्या फायली — आणि आल्यावर महिन्याभरात कुणी टॅक्सीवर, कुणी पेट्रोल पंपावर, मी म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला लागले. आईला सांगितलं होतं ऑफिसात बसते म्हणून. तर विनी. त्र्याऐंशी वर्षांची, मूठभर जीव, आणि शॉवर म्हटलं की अशी किंचाळायची की कॉरिडॉरमधून लोक धावत यायचे. पाण्याला घाबरायची. का, ते नंतर कळलं — सात वर्षांची असताना तिला बोटीवर चढवलेलं. इंग्लंडमधली गरिबांची पोरं इकडे धाडायचे तेव्हा, शेतावरच्या शाळांमध्ये. आई फाटकाशी उभी होती, म्हणाली, तू हो पुढे, मी मागच्या बोटीने येते. सहा आठवडे सगळीकडे पाणी. आणि मागची बोट आलीच नाही रे. म्हणजे बोटी आल्या, आई नाही आली. विनी पोरगी होती तोवर धक्क्यावर न्या म्हणून मागे लागायची, मग तेही सोडलं, मग म्हातारी झाली, आणि डोकं फिरल्यावर पुन्हा सात वर्षांची झाली.

मग मी एक युक्ती काढली. नळ सोडायच्या आधी विचारायचं, विनी, फाटक लावलंस का नीट? की ती निघाली. मी डोक्यावर पाणी घालतेय आणि आम्ही कुंपणाच्या कडेने चाललोय, बदकं आली, पळ पळ, साबण झाला, चर्च आलं, पाठ झाली, हलणारी पायरी सांभाळ — आणि रानात शिरलो, ब्लूबेल आली, की नळ बंद, टॉवेल. एकदा किंचाळली नाही मग. रोज सकाळी. दीड वर्ष. मला चिंचवडमधला आमच्या शाळेचा रस्ता इतका पाठ नाही. — ए, काय करतोयस? नको, लॅपटॉप बंद कर. सापडलं? ... असेल, आहेच ते गाव, खोटं कशाला सांगेल ती. पण मला नको दाखवूस, सलिल. मी वरून कधी बघितलं नाही ते. मी फाटकातून जाते.

डब्यात? डब्यात कंगवा आहे. तिचा. लाकडी, दोन दात तुटलेत. पांढरे केस अडकलेत त्यात चार-पाच, रुमालात गुंडाळून ठेवलाय, उघडू नकोस. तो तेवढा त्या रानात पुरायचा. नाहीतर फाटकाशी, फाटक असलं तर. शुद्धीत असली की एकच सांगायची ना — मंजिरी, मी मेले की मला घरी ने, फाटकाशी, मम्मी शोधत असेल. मी म्हणायचे, हो. आपण म्हणतोच ना हो, म्हाताऱ्या माणसाला काय नाही म्हणायचं. आणि तिने फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून माझं नाव लिहून ठेवलेलं. दुसरं होतंच कोण? गेल्या ऑगस्टात गेली. झोपेत गेली, सुटली. नंतर फोन आला, राख तयार आहे, घेऊन जा.

बरोबर बोललास, तीच न्यायला हवी होती. कंगवा कशाला, राखच द्यायला हवी होती तुझ्याकडे. नाहीये ती. ... थांब ना, सांगते. चहा निवला वाटतं. — ऑगस्टातच माझी आई गेली. विनीच्या तीन आठवडे आधी. नाही, नव्हते गेले. माझी पीआरची, कायम राहायच्या परवान्याची, फाईल आत, तोवर ब्रिजिंग व्हिसा, देश सोडायला वेगळी परवानगी, आणि ती मिळेपर्यंत दहावा होऊन गेला असता. गुरुदत्त, भाऊ माझा, म्हणाला, ताई, येऊन तरी आता काय करणारेस. खरंच होतं. त्याने आळंदीला अस्थी सोडल्या, आणि मी इथे फोन कानाला लावून बसले. पाण्याचा आवाज येईल म्हणून. नाही आला, माणसांचेच आवाज. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले, विनीला रानातून फिरवून आणलं. रडले नाही. वेळच कुठे होता?

आणि मग विनीच्या राखेचा डबा हातात आला, स्मशानवाल्यांचा, प्लॅस्टिकचा. घरी आणून टेबलावर ठेवला आणि सलिल, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही — अस्थी म्हणजे पाणी. आपल्याला दुसरं काय माहितीये? घरात ठेवत नाहीत, तिचा जीव अडकेल, एवढंच. सकाळी आंघोळ केली, भात केला, तीळ मिळाले इंडियन दुकानात, दर्भ कुठून आणणार, लॉनचं गवत उपटलं मूठभर. ट्रेन, मग ट्राम, सेंट किल्डाचा धक्का. सगळं नीट केलं. पिंड ठेवला तर कावळा कुठला, सीगल आला, पहिल्या झटक्यात घेऊन गेला, आणि मला इतकं बरं वाटलं — म्हटलं, काही इच्छा राहिली नाही, तृप्त आहे. आणि ओंजळ सोडली. परतीच्या ट्राममध्ये शेजारी एक बाई छोट्या मुलीला सांगत होती, फाटक उघडं ठेवून आलो की काय आपण. तेव्हा आठवलं मला.

समुद्रात, सलिल. तिला. सात वर्षांची असल्यापासून जिला पाण्याची... आणि धक्क्यावर! उतरले, परत गेले, काय मिळणार होतं तिथे? लोक आइस्क्रीम खात होते. मी लोकांना सांगते, चूक झाली, आपली पद्धत, घाईत लक्षात राहिलं नाही. सुचित्रालाही तेच सांगितलंय. पण तसं नाहीये ते. विसरले कशी मी, रोज सकाळी ती वाट चालणारी? ओंजळ सोडताना नाव घ्यायचं असतं ना, नाव आणि गोत्र. मी घेतलं. मोठ्याने घेतलं, कुणाला कळतंय तिथे. विनीचं नाही घेतलं मी. आईचं घेतलं. विनी आठवलीच नाही मला तेव्हा. माझ्या हातात आईच होती, आणि मी रडले, इतकी रडले की एक पोलीस येऊन विचारून गेला, यू ओके, लव्ह? — आणि ती बिचारी गेली पाण्यात, नावाशिवाय. तिचं एक मरण होतं, तेही मी वापरलं.

नको, पाणी नको. ... नेशील ना? खोल नको पुरूस, वीतभर पुरे. मंत्र-बिंत्र काही नको. फक्त नाव घे तिचं, मोठ्याने, विनिफ्रेड म्हण, आणि म्हण की पोचलीस घरी. एवढंच. इंग्लिशमध्ये म्हण, नाहीतर तिला कळायचं नाही.

काय? ... माझ्या आईचं नाव कशाला विचारतोस? ... नको रे. चांगला आहेस, पण नको. तिचं झालंय. या वेळी एकटीचंच घे.

चल, डबा हँडबॅगेत ठेव, चेक-इनला टाकू नकोस. मी निघते, सहा दहाची बस चुकेल. ... नाही, सोडायला नको येऊस. दार मी ओढून घेते.