पिकलेलं टायर

माझ्या मोटारीचं कौतुक पुरे झालं, आता तिने केलेली फजिती ऐका. वकिली नवी होती, मोटारही नवी. अमरावतीहून अकोल्याला तारखेवर निघालो होतो. तिथला गोरा जज्ज वेळेचा फार पक्का. सोबत माझा पक्षकार महादबा, टरबुजं पिकवणारा माणूस. गाडीत बसण्याआधी त्याने चारही टायरांना टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "वकीलसाहेब, हे मांगचं पिकलं हाये."

"म्हणजे?"

"बद्द वाजून राहिलं ना! कच्चं टरबूज कसं टणटण वाजते. हवा कमी हाये यात."

मी ऐटीत खिशातली हवा मोजायची नळी दाखवली. "रविवारीच मोजली आहे. बस गाडीत!"

मूर्तिजापूरच्या अलीकडे नेमकं तेच चाक बसलं. कोट काढून मी भर उन्हात पंप मारू लागलो. महादबा मधूनमधून निंबाखालून उठायचा, टायरला टिचकी मारायचा.

"झालं का?"

"नाही साहेब, अजून पिकेलच हाये."

शेवटी टायर टणकन वाजलं. मी घाईने खिशातली मोजायची नळी लावायला गेलो, तर त्याने माझा हात धरला.

"राहू द्या साहेब. ते रविवारी लावजा."