दारातली गाडी

नाशिकच्या एसटी स्टँडवर सटाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या लताबाईंचे कान पुढच्या दोघा भावांच्या बोलण्याकडे लागले होते.

"भिकन, मिल्ट्रीच्या लिलावातला तो मोठा ट्रकच घेऊ. आत पलंग, शेगडी, मोरी, पाहुण्यांना बसायला सोफासुद्धा हाय."

"दादा, ते धूड माझ्याकडं सुरगाण्याचा घाट चढायचा नाय. त्यापेक्षा ती जीप बघ. चारी चाकं जोर लावतात, अन् मागं एक माणूस झोपंल एवढी जागा हाय."

"कुठं यात्रेला निघालात का हो?" लताबाईंनी कौतुकानं विचारलं.

"यात्रा कसली, बाई! आईसाठी घेतोय. महिनाभर ती माझ्याकडं ऱ्हाती, महिनाभर याच्याकडं."

"म्हणजे न्यायला-आणायला?"

"नाय, ऱ्हायलाच. गाडी दारात लावायची, महिना भरला की दुसऱ्याच्या दारात. घरात बायकांची कटकट नको."



शेजारच्या बाकावर मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली म्हातारी खाकरली.

"वाल्मीक, जीपच घ्या रे बाबांनो. सोफ्यावर बसायला माझ्याकडं येणार हाय कोण?"